काट्यावरची गाडी कॉम्प्युटरमध्ये उभी करताना

मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या खऱ्या चुका एका गाडीत दिसत नाहीत. चाळीस गाड्यांची रांग लागली, मध्येच नेट गेलं, रात्रीचे बारा वाजून गेले, की मग त्या बाहेर पडतात. एवढं सगळं हाताने टेस्ट करणं कुणालाच जमत नाही. म्हणून गाड्या, काटा (भरलेल्या गाडीचं वजन करणारा वजनकाटा), हमाल, ड्रायव्हर हे सगळं कॉम्प्युटरमध्ये नकली उभं करायचं, म्हणजे सिम्युलेटर लिहायचा, आणि सॉफ्टवेअर मात्र खरं, जसंच्या तसं चालवायचं. वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या कारखान्यांसाठी असं काम करायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी हे इथे सांगतो.

पायथन ही भाषा, रांगा आणि वेळ यांची नक्कल करणारी तिची लायब्ररी सिम्पाय आणि टेस्ट चालवणारं पायटेस्ट एवढं पुरतं. पहिलं आवार छोटं घ्या: एक गेट, एक काटा, दोन डॉक (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागा). सिम्पायमध्ये काटा म्हणजे १ क्षमतेचा रिसोर्स, एका वेळी एकालाच मिळणारी वस्तू. गाडी म्हणजे प्रोसेस, एकामागून एक टप्पे पार करणारी. ती काटा मागते, मिळाला की वजनाला लागेल तेवढा वेळ थांबते, मग सोडते. प्रत्येक टप्प्यावर ती तुमच्या सॉफ्टवेअरच्या एपीआयला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दाराला, कॉल करते.

सॉफ्टवेअर जोडण्याआधी सिम्युलेटरच तपासून घ्या. गाड्या सरासरी ६ मिनिटांनी येतात, वजनाला सरासरी ४ मिनिटं लागतात आणि दोन्ही वेळा एक्सपोनेन्शियल वितरणातून (बहुतेक वेळा छोट्या, क्वचित एखादी खूप लांब) काढल्या आहेत, असं धरलं तर रांगेतलं थांबणं सरासरी ८ मिनिटं यायला हवं. गाड्या ५ मिनिटांनी येऊ लागल्या की तेच १६ होतं. एका दिवसाच्या रनवर हे आकडे जुळणार नाहीत. खूप दिवस चालवून सरासरी काढा. तरीही जुळलं नाही तर चूक तुमच्या सिम्युलेटरमध्ये आहे.

नंतर मात्र खऱ्या वेळा हव्यात. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या किंवा जालन्याच्या मोंढ्यात परवानगी काढून, वही घेऊन दोन तास काट्याजवळ उभे राहा. गाडी कधी आली, काट्यावर कधी चढली, कधी उतरली, एवढंच लिहा. सरासरीपेक्षा सगळ्यात लांबलेल्या पाच वेळा जास्त कामाच्या असतात, कारण सॉफ्टवेअरचा टाइमआउट, म्हणजे वाट बघून सोडून देणं, तिथेच होतो.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसेल. काट्याचा आकडा एकदम येत नाही. पुढची चाकं चढली की ६,४२० किलो, मग १५,८८०, १८,३१०, गाडी हलते तसा १८,२४०, आणि शेवटी १८,२५० वर ठरतो. नवशिके सिम्युलेटरमधून थेट १८,२५० पाठवतात आणि टेस्ट पास होते. प्रत्यक्षात शून्याच्या पुढचा पहिलाच आकडा पावतीवर छापला जातो. म्हणून दर सेकंदाला एक आकडा पाठवा आणि लागोपाठ सारखे आकडे आल्यावरच सॉफ्टवेअर वजन घेतं का ते बघा. मागचं चाक काट्याबाहेर राहिलेली गाडीही पाठवा. तिचा आकडा स्थिर असतो, पण चुकीचा. तो बिल्टीवरच्या (मालासोबतच्या वाहतूक पावतीवरच्या) वजनाशी ताडूनच पकडता येतो.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते घड्याळ. सिम्युलेशनमध्ये एक दिवस काही सेकंदांत उरकतो, पण सॉफ्टवेअर मशीनचंच घड्याळ बघत असतं. वेळ देणारं फंक्शन एकाच ठिकाणी ठेवा आणि टेस्टमध्ये तेच बदला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्वेरीत लपलेलं, मशीनची चालू वेळ देणारं नाऊ() शोधून काढा, नाहीतर अर्ध्या नोंदी सिम्युलेशनच्या वेळेच्या आणि अर्ध्या आजच्या पडतील.

ई-वे बिलावर, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्यावर, याचा फटका लगेच दिसतो. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री, ती तारीख संपताना, संपतो. ४०० किलोमीटरचं बिल १० मार्चला रात्री ११:५० ला काढलं तर मुदत १२ मार्च संपेपर्यंत; २० मिनिटांनी, म्हणजे ११ तारखेला रात्री १२:१० ला काढलं तर १३ मार्च संपेपर्यंत. सर्व्हर यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) तारीख धरत असेल तर त्याच्या लेखी तेव्हा १० तारीखच असते, आणि एक पूर्ण दिवस बुडतो. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेतल्या गाड्या टेस्टमध्ये मुद्दाम घाला.

जीपीएसचंही तसंच. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. ताशी ८० ने गेलं तरी ६ मिनिटं सिग्नल नाही. बाहेर आल्यावर गाडीतल्या यंत्रात साठलेली पाकिटं (ठिकाण आणि वेळेच्या नोंदी) एकदम येतात, काही दोनदा, काही उलट्या क्रमाने. सॉफ्टवेअरने पाकीट पोचल्याची वेळ धरली तर गाडी नकाशावर मागेपुढे उड्या मारते.

निकाल तपासताना प्रत्येक गाडीचं अपेक्षित उत्तर लिहीत बसू नका, हिशोब तपासा. आत आलेल्या गाड्या म्हणजे बाहेर गेलेल्या अधिक आवारात उभ्या. एका डॉकला एका वेळी एकच गाडी. एका बिल्टीची पोच एकदाच, बारकोड दोनदा स्कॅन झाला तरी. हे नियम दर सिम्युलेटेड मिनिटाला तपासा, दिवसाअखेरी नाही. तोवर दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात.

शेवटचं म्हणजे सीड, ज्या आकड्यापासून रँडम आकडे सुरू होतात तो; तोच दिला की तोच दिवस पुन्हा मिळतो. गाड्यांचं येणं, वजनाचा वेळ आणि नेट जाणं यांना वेगवेगळे रँडम जनरेटर द्या, नाहीतर एक बदललं की सगळा दिवसच बदलतो. टेस्ट फेल झाली की लॉगच्या पहिल्या ओळीत सीड छापा. प्रत्येक कमिटला, म्हणजे कोडमधला बदल जमा केला की, ठरलेले ५ सीड आणि रात्री नवे २०० चालवा. रात्री फेल झालेला सीड सकाळी त्या ठरलेल्या यादीत घाला, आणि चूक दुरुस्त झाली तरी तिथून काढू नका.