तळ्याकाठच्या सुट्टीचे फोटो कसे काढायचे

तळ्यावर पोचल्या पोचल्या लगेच कॅमेरा बाहेर काढू नका, एवढं माझं ऐकाच. सामान ठेवा, काठाने एक चक्कर मारा, सूर्य कुठून वर येणार, वारा कुठल्या बाजूने येतोय, झाडाची सावली कुठे पडते हे बघून घ्या. बघायला गेलं तर तळं म्हणजे सपाट पाणी आणि वर आकाश, त्यामुळे घाईत काढलेला फोटो जगातल्या कुठल्याही तळ्याचा वाटू शकतो, आणि आपल्याला तर हेच तळं हवंय ना!

पहाटेची वेळ मात्र अजिबात सोडायची नाही. रात्री वारा बहुतेक पडलेला असतो आणि ऊन चढून जमीन तापायला लागली की परत सुटतो, म्हणून उजाडायच्या अर्धा तास आधी काठावर हजर राहिलात तर पाणी स्थिर मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. हवा पाण्यापेक्षा बरीच थंड असेल तर वाफ वर येताना दिसते, अशा वेळी कॅमेरा फसतो, धुक्याचा पांढरा रंग त्याला राखाडी करायचा असतो, तेव्हा एक्सपोजर (म्हणजे फोटोत येणारा उजेड) साधारण १ स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवा. मोबाइलवर काढत असाल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की ब्राइटनेस थोडा वर सरकवा.

प्रतिबिंबाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर करायचा नाही, समोरच्या डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर फोकस डोंगरावरच करायचा, कारण प्रतिबिंबाचा प्रकाशही डोंगरापासून जवळजवळ तेवढंच अंतर कापून आलेला असतो. आणि खाली बसा! पाण्याकडे जितकं तिरकं बघाल तितका जास्त प्रकाश परावर्तित होतो, अगदी सरळ खाली बघितलं तर जेमतेम २ टक्के, म्हणून तर पायाजवळचे दगड दिसतात आणि लांबचं पाणी आकाशाच्या रंगाचं होतं. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू ठेवा, पलीकडचा काठ जरासा जरी तिरका आला तरी पाणी ओघळतंय असं वाटतं.

पोलरायझर फिल्टर (लेन्सवर लावायची, चमक कमी करणारी काच) असेल तर तो विचार करून लावा. पाण्याच्या पातळीपासून साधारण ३७ अंश खाली बघताना तो चमक सगळ्यात जास्त काढतो, त्यामुळे दुपारी तळाचे दगड, शेवाळ, छोटे मासे टिपायला एकदम भारी, पण पहाटे तोच तुमचं प्रतिबिंब पुसून टाकेल. शिवाय १ ते २ स्टॉप प्रकाश खातो, तेव्हा शटर स्पीडकडे, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याकडे, लक्ष असू द्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. एक जागा ठरवा, तिथे एखादा दगड किंवा मुळी खूण म्हणून धरा आणि तीच फ्रेम, तीच झूम ठेवून पहाटे, दुपारी, संध्याकाळी, पाऊस आला तर पावसातही काढा. वेगवेगळे दहा पॉइंट धावत गाठण्यापेक्षा यातून जागा खूप जास्त कळते, पाणी दिवसभरात किती रंग बदलतं हे नुसत्या नजरेला जाणवतच नाही.

मोठ्या दृश्यांच्या मधेमधे बारीक गोष्टीही घ्या, म्हणजे दोरीवर वाळणारे टॉवेल, होडीच्या कडेचा उडालेला रंग, खिडकीतून दिसणारी पाण्याची पट्टी, पुस्तक वाचता वाचता झोपलेलं घरातलं कुणीतरी. शांतता दाखवायची तर फ्रेममध्ये मोकळी जागा सोडायला घाबरू नका, अख्ख्या पाण्यात एकच होडी असली तरी चालते, उलट तीच बरी दिसते. अनोळखी माणसांना विचारूनच फोटो काढा, आणि घरट्याजवळ तर जाऊच नका, पक्षी उठून गेला की अंडी उघडी पडतात, कुठलाच फोटो एवढा मोलाचा नसतो.

दुपारचे तेवढे फोटो झाले की कडक उन्हात कॅमेरा सरळ बॅगेत ठेवा आणि पोहायला जा.

परत आल्यावर फोटो लगेच उडवू नका, दोन ठिकाणी बॅकअप घ्या आणि आठवडाभर तसेच राहू द्या. मग पंधरा-वीस निवडा, त्यात धूसर किंवा हललेला एखादा असला तरी त्या दिवसाची हवा त्यात उतरली असेल तर ठेवा, आणि प्रत्येकाखाली जागा, वेळ आणि तेव्हा कसला आवाज येत होता हे एका ओळीत लिहून ठेवा, कारण आवाज फोटोत येत नाही आणि विसरायला सगळ्यात आधी तोच होतो.