वीज जाण्याआधी आर भाषेतील व्हेरिएबल जपून ठेवा

रावेर-यावलच्या केळीभावांचे आकडे ‘आर’ या आकडेवारीच्या संगणकभाषेत निवडून-पाखडून ठेवावेत आणि ऐन दुपारी वीज जावी, हे मी अनुभवले आहे, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर मी ‘सेव्ह डॉट इमेज’ ही आज्ञा देतो, म्हणजे सत्रातील सर्व व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली माहिती) आणि स्वतः लिहिलेली फंक्शने चालू फोल्डरमधील ‘डॉट आरडेटा’ फाइलमध्ये उतरतात. त्याच फोल्डरमधून आर पुन्हा सुरू केल्यास ती फाइल सहसा आपोआप उघडते, अन्यथा ‘लोड’ वापरावे. पॅकेजेस, म्हणजे जोडून घेतलेले तयार फंक्शनांचे संच, मात्र परत येत नाहीत. ती जोडणाऱ्या ‘लायब्ररी’च्या ओळी पुन्हा चालवाव्याच लागतात. केळीभावांचा एकच तक्ता जपायचा असेल, तर ‘सेव्हआरडीएस’ मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ‘रीडआरडीएस’ने तो हव्या त्या नावाने घेता येतो, तर ‘लोड’ त्याच नावाचे ताजे व्हेरिएबल न विचारता पुसून टाकते.