पूलमध्ये क्लोरीनमुळे दम लागला तर काय करायचं
पोहताना खोकला सुरू झाला, छाती आवळल्यासारखी वाटली की लगेच बाहेर या, उगाच अजून दोन लॅप मारत बसू नका. मोकळ्या हवेत ताठ बसा, ओले कपडे बदला, अंगावरून साधं पाणी घ्या आणि दम्यासाठी डॉक्टरांनी इनहेलर दिलेला असेल तर तो घ्या. शिट्टीसारखा आवाज येतोय, बोलताना धाप लागतेय किंवा ओठ निळे पडलेत तर थेट हॉस्पिटल, कारण त्रास काही तासांनी वाढूही शकतो.

तो उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, असं लोकांना वाटतं पण उलटंच आहे, घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळून क्लोरामाइन नावाचं श्वासाला त्रास देणारं रसायन बनतं आणि ते पाण्याच्या अगदी वर, नेमकं आपण श्वास घेतो तिथेच साचतं, बंदिस्त पूलमध्ये तर जास्तच. म्हणून आधी शॉवर घ्या (आणि हो, पाण्यात सू करू नका, मोठ्यांनाही सांगतोय!). पूलचं पाणी तपासायच्या पट्टीवर (टेस्ट स्ट्रिप) पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा, ७.२ ते ७.८ असावा.