स्थिर पाठीची सीट कलती करण्याआधी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या सीटला पाठ मागेपुढे करायचा खटका नसतो. त्यामुळे पाठीचा कोन बदलायचा म्हणजे अख्खी सीटच फिरवायची. पुढचे बोल्ट वर उचलले की पाठ मागे कलते, मागचे उचलले की सरळ होते. पण तेवढ्यावर भागत नाही. मांड्या, गुडघे, डोकं, नजर, पट्टा सगळंच सीटबरोबर हलतं. पॅकिंग, म्हणजे सीट उचलायला बोल्टाजवळ घालायचा जाड ठोकळा, बसवणं हे यातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. त्याआधीच बरंच काही बघून, मोजून आणि जमवून ठेवावं लागतं.

पहिल्यांदा खात्री करून घ्या की दोष खरंच कोनाचा आहे. गादीखालचे रबरी पट्टे सैल पडले असतील किंवा फोमचा भुगा झाला असेल, तर कंबर खाली रुतते, माणूस पुढे घसरतो आणि त्याला वाटतं पाठ फार सरळ आहे. गादी दाबून बघा. हात थेट चौकटीला लागत असेल तर पान्याला हातही लावू नका, आधी गादी दुरुस्त करा. फक्त कमरेचा खालचा भाग दुखत असेल तर तिथे एखादी पातळ उशी बांधून आठवडाभर गाडी चालवून बघा. पुष्कळांचं काम एवढ्यावरच होतं. पाठ पुढे मुडपणारी असेल तर ती मागे येऊन ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकते ते शोधा. ठोकळे कमीजास्त जाडीचे बसवून कोन बदलता येत असेल तर सीट उपटायची गरजच नाही.

मग मोजमाप. गाडी सपाट जागेवर हवी, चारही चाकांत हवा बरोबर हवी. पाठीच्या मधोमध एक सरळ लाकडी पट्टी धरा आणि तिच्यावर फोन टेकवून कोन वाचा. दाराच्या उंबऱ्याचाही कोन घ्या, म्हणजे पुढच्या वेळी गाडी दुसरीकडे उभी असली तरी तुलना करता येईल. संदर्भासाठी सांगायचं तर सीटच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, उत्पादकाने वेगळा आकडा दिला नसेल तर धडाचा कोन उभ्या रेषेपासून २५ अंश धरतात. तुमच्या पट्टीवरचा आकडा आणि धडाचा कोन एकच नसतो, त्यामुळे २५ गाठायचा हट्ट धरू नका. आपण किती फरक केला एवढंच पट्टी सांगते.

हिशोब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत ३०० मिलिमीटर अंतर असेल तर एका अंशाला साधारण ५ मिलिमीटर पॅकिंग लागतं. बोल्टांतलं अंतर जितकं कमी तितकं पॅकिंगही कमी. आता तीन अंशांचं बघा: पुढे १६ मिलिमीटर चढतात आणि ५५ सेंटिमीटर उंच पाठीचा माथा जवळजवळ ३ सेंटिमीटर मागे जातो. गादीची पुढची कड बोल्टांच्याही पुढे असते, म्हणून ती १६ पेक्षा जास्तच उचलली जाते. हे आकडे कागदावर आधी मांडा, कारण बहुतेक गाड्यांत तीन सेंटिमीटर मोकळी जागा मागेही नसते आणि स्टिअरिंगखालीही नसते. सीट आत्ताच शेवटच्या खाचेत असेल तर पाठ मागच्या पत्र्याला टेकेल आणि मग पुढे सरकावं लागून गुडघ्यांची अडचण वाढेल. जागेची ही मारामारी कारखान्यांनाही चुकली नाही. जग्वार ई-टाइपच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांची फरशी सपाट होती. १९६२ मध्ये पायांसाठी तिच्यात खोलगट भाग काढले गेले. १९६४ च्या ४.२ लिटर गाडीत सीटही नव्या आल्या, कारण आधीच्या बकेट सीटबद्दल कुरकूर होतीच.

तालीम बोल्ट सोडून करायची, गाडी उभी ठेवून. सीटचे पुढचे बोल्ट काढा, मागचे नुसते सैल करा आणि दोन्ही रेलखाली (सीट ज्यांवरून पुढेमागे सरकते त्या लोखंडी पट्ट्या) सारख्या जाडीच्या प्लायच्या चकत्या सरकवा. गाडी चालवताना घालता तेच बूट घालून बसा, आणि निदान वीस मिनिटं बसा. दोन मिनिटांत कुठलीही कलती सीट छानच वाटते. क्लच तळापर्यंत दाबा, तेव्हाही गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेताना मांडी स्टिअरिंगला घासते का बघा. आरसे बघा. काचेची वरची चौकट नजरेच्या आड येत होती ती सुटली की उलट खालची कड आड यायला लागली, हेही बघा. कापडी छप्पर असेल तर ते लावून पुन्हा बसा, नाहीतर पहिल्या पावसात कळेल. आणि गाडी घरात दुसरंही कोणी चालवत असेल तर त्यांनाही आत्ताच बसवा.

पट्ट्यावर मात्र तडजोड नाही. कमरेचा पट्टा ओटीपोटावर न येता कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. सीट जितकी कलती, तितका आपटीच्या वेळी माणूस पट्ट्याखालून पुढे निसटायचा धोका जास्त. खांद्याचा पट्टा छातीपासून सुटून लोंबायला लागला तर कोन एक अंशाने कमी करा. काही देशांत सीटच्या बांधणीत केलेला बदल तपासून घ्यावा लागतो. तुमच्याकडचा नियम आधी विचारून ठेवा.

आता फरशी. सीट आणि कार्पेट काढलं की बोल्टांच्या भोवती पेचकसाने टोचून बघा. पत्रा आत जात असेल तर कोनाचा विषय बंद, आधी वेल्डिंग. एमजीएसारख्या गाडीत (१९५५ ते १९६२) फरशी प्लायवूडची आणि रेलखाली लाकडी पट्ट्या असतात, तिथे लाकूड कुजलंय का ते बघायचं. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावला की फरशीत वेल्ड केलेला नट सुटून नुसताच गोल फिरतो, आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं. गाडीखाली जाऊन बोल्टाच्या टोकांजवळून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी किंवा हँडब्रेकची केबल जाते का तेही बघून ठेवा. बोल्ट लांब घेतलेत तर टोक तिथेच जाणार. अर्थात खाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, स्टँड लावायचे.

बोल्ट नवे आणि पॅकिंगच्या जाडीइतके लांब घ्या. जुन्याच बोल्टांवर भागवलं तर नटात दोनचार आटेच पकडतात आणि ती सीट धक्क्याला टिकत नाही. निदान बोल्टाच्या व्यासाइतके आटे आत गेले पाहिजेत. ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा ५/१६ इंची बारीक आट्यांचे बोल्ट असतात. एम८, म्हणजे ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, त्यांच्याशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण आटे वेगळे असतात आणि पान्याने रेटला तर नट कायमचा खराब होतो. दर्जा डोक्यावर बघा: मेट्रिकला ८.८ चा शिक्का, इंची ग्रेड पाचला तीन रेघा.

पॅकिंगसाठी वॉशरची चळत नको, रबर नको, मऊ लाकूड तर नकोच, कारण ते दबतं आणि बोल्ट ढिला होतो. ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडाचे अखंड, रुंद बुडाचे ठोकळे करून घ्या आणि फरशीखाली मोठे वॉशर लावा. २० मिलिमीटरच्या वर जायची वेळ आली तर माझं मत असं की ठोकळ्यांचा नाद सोडून नीट ब्रॅकेट बनवून घ्यावेत. डाव्या-उजव्या ठोकळ्यांची जाडी व्हर्नियरने ताडून बघा. थोडाही फरक राहिला तर रेल पिळतात आणि सीट सरकताना अडकते. ठोकळ्याखालचं कार्पेट तेवढ्यापुरतं कापा, मऊ थरावर आवळलेला बोल्ट आवळलेला राहत नाही. रेल तिरकी झाल्यामुळे बोल्टाचं डोकं एका कडेवर टेकत असेल तर तिथे निमुळता वॉशर घाला.

जोडताना चारही बोल्ट आधी हाताने लावा, सीट पूर्ण मागेपुढे सरकवून बघा आणि मगच आवळा. पुढून उचललेली रेल आता मागे उतरती असते, त्यामुळे सीट सरकवायचा खटका सोडला की ती आपसूक मागे घसरते. अनेक जुन्या गाड्यांत खटका एकाच रेलला असतो, म्हणून प्रत्येक खाचेत तो पूर्ण बसतोय याची खात्री करा, पायाने फरशीवर रेटा देऊन. शेवटी बोल्टाच्या डोक्यावरून रेलवर पेंटची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट पुन्हा आवळा, आणि काढलेले जुने बोल्ट व रेलखालच्या पट्ट्या पिशवीत घालून नाव लिहून ठेवा, पुढच्या मालकाला लागतील.