दहा हजारांची नोट घरीच ठेवा

दर जुलैत पुण्याहून निरोप येतात. कुणाचा भाचा, कुणाची मुलगी, कधी आमच्याच जपानी भाषेच्या वर्गातलं जुनं कोणी. "ऑगस्टमध्ये टोकियोत आहे, कॉमिकेटला जायचंय, काय काय बरोबर घेऊ?" मी टोकियोतल्या निशी-कासाईत राहते आणि जमेल त्या वर्षी कॉमिकेटची वारी चुकवत नाही, म्हणून मलाच विचारतात. दरवेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा हे एकदाच, सलग.

सामानाआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीची यादी आपोआप लागेल. मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन आला असाल तर ते चित्र बाजूला ठेवा. कॉमिकेट हा टोकियोच्या बिग साइट या प्रदर्शन केंद्रात ऑगस्टात आणि डिसेंबरात भरणारा बाजार आहे आणि तो वाचकांनीच वाचकांसाठी मांडलेला आहे. लोक स्वतः काढलेली, स्वतःच्या पैशाने छापून घेतलेली पुस्तकं विकतात. त्यांना म्हणतात दोजिन्शी. साठच्या दशकात मुंबईत पदरमोड करून, सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं निघायची, ती आठवा. फरक इतकाच की इथे कवितेच्या जागी बहुतेक करून आवडत्या अ‍ॅनिमे-मांगातली, म्हणजे जपानी कार्टून-चित्रकथांतली, पात्रं असतात. पण रेल्वेवेड्यांची, रामेनवेड्यांचीही पुस्तकं मिळतात आणि माझा निम्मा खर्च तिथेच होतो. २१ डिसेंबर १९७५ ला पहिला बाजार भरला तेव्हा ३२ गट होते आणि सुमारे ७०० माणसं आली होती. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाख. कोविडनंतर दिवस कमी झाले, तिकिटं आणि मर्यादा आल्या, तरी २०२४ च्या ऑगस्टात दोन दिवसांत २,६०,००० आले.

एवढ्या माणसांना वाट दाखवणारे हजारो लोक स्वयंसेवक आहेत. भरवणाऱ्या संस्थेचं नाव 'कॉमिक मार्केट जुन्बिकाई', म्हणजे शब्दशः तयारी समिती. आम्ही फक्त तयारी करतो, बाजार भरवतात ते जमलेले सगळे, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या बोलण्यात 'ग्राहक' हा शब्द नाही. विकणारा, घेणारा, मेगाफोन घेऊन उन्हात उभा राहिलेला, सगळे 'सान्काशा', सहभागी. म्हणजे तुमची तयारी कमी पडली तर तिचा भार तुमच्यासारख्याच एका हौशी माणसावर पडतो, ज्याने त्या दिवशी स्वतःसाठी एकही पुस्तक घेतलेलं नसतं.

आता तिकीट. मी पहिल्यांदा गेले २०१८ च्या ऑगस्टात, तेव्हा तिकीटच नव्हतं, पहाटे जाऊन रांगेत उभं राहायचं. २०१९ च्या उन्हाळ्यात तिकीट म्हणून मनगटपट्टी सुरू झाली आणि आता तिकिटाशिवाय जायचा विचारही करू नका. सकाळी लवकर सोडणारं तिकीट महाग आणि सोडतीवर मिळतं, दुपारचं स्वस्त आणि सोपं. जादा पैसे देणाऱ्याला आधी प्रवेश हे 'सगळे सारखे' या तत्त्वात कसं बसतं, असा प्रश्न मला पडतो. पण जुनी रांग आठवली की तो प्रश्न लवकर मावळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने खुशाल दुपारचं घ्यावं. नियम दर हंगामात थोडे बदलतात, तेव्हा मागच्या वर्षी कुणी काय सांगितलं यावर जाऊ नका, समितीची ताजी सूचना वाचा. आणि रात्रीच जाऊन बाहेर बसायचा बेत असेल तर तो सोडा. रात्रभर थांबायला सक्त मनाई आहे. वाहनतळाच्या डांबरावर तुम्ही झोपलात तर आसपासच्या वस्तीची बोलणी समितीला खावी लागतात.

पैसे हा सगळ्यात मोठा विषय. टेबलामागे बसलेला माणूस दुकानदार नाही. त्याच्याकडे बिस्किटाच्या डब्यात सुट्टे असतात, संपले की संपले. किमती साधारण पाचशेच्या पटीत ठेवतात, त्या याचसाठी. मी पहिल्या वर्षी एका मुलीसमोर पाचशे येनच्या पुस्तकासाठी दहा हजारांची नोट धरली. ती काहीच बोलली नाही. डब्यातल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग शेजारच्या टेबलवाल्याकडे बघितलं. त्याने आपल्या डब्यातून मोड दिली आणि दोघांनी मिळून माझीच माफी मागितली. मागे सात-आठ माणसं उभी होती. पुस्तक चांगलं निघालं, पण ते उघडलं की अजून कान गरम होतात. तेव्हा आदल्या आठवड्यात हजाराच्या नोटा आणि पाचशेची नाणी जमवा, चेन असलेल्या छोट्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट गळ्यात किंवा कमरेला. रेल्वेचं सुइका कार्ड आदल्या दिवशीच भरा, परतीच्या भाड्यासकट. संध्याकाळी बाजाराजवळच्या कोकुसाई-तेन्जिजो स्टेशनात कार्ड भरायच्या यंत्रासमोर उभं राहणं ही वेगळीच शिक्षा आहे.

निशी-कासाईकरांनी शिन-किबा गाठावं. तिथून रिंकाई लाइनने दुसरं स्टेशन कोकुसाई-तेन्जिजो.

उन्हाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण पुणेकर इथेच फसतात. "आम्हाला उन्हाचं काय सांगता?" असं म्हणणारे मी बघितलेत, आणि म्हणणाऱ्यांत मीही होते. टोकियोचा ऑगस्ट पुण्याच्या एप्रिलसारखा कोरडा नसतो, मुंबईच्या ऑक्टोबरसारखा चिकट असतो, आणि आत शिरल्यावर वातानुकूलन माणसांपुढे हात टेकतं. २०१३ च्या ऑगस्टात तर आतल्या दमट हवेचा छताजवळ चक्क ढग जमला होता. कॉमिकेटचा ढग म्हणून लोक अजून त्याची आठवण काढतात. पहिल्या वर्षी मी नुसत्या चहावर निघाले. साडेनऊच्या सुमाराला रांगेत डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी खाली बसायच्या आत दंडावर स्वयंसेवकाची पट्टी बांधलेला एक पोरगा समोर हजर. किती वेळ झाला पाणी पिऊन, बरोबर कोणी आहे का, नाव सांगता येतंय का, असं एकामागून एक विचारलं. आवाज चढवला नाही, गर्दी जमू दिली नाही. सावलीत नेऊन बसवलं, मानेला गार बाटली लावली, आणि जाता जाता माझ्या पुढच्या-मागच्या माणसांना सांगून गेला की या बाई परत येतील, जागा त्यांची आहे. वीस मिनिटांनी मी परतले तर खरंच जागा होती. मागच्या काकांनी मिठाची गोळी हातावर ठेवली.

म्हणून माझ्या पिशवीत आता दोन बाटल्या असतात, एक पाण्याची, एक आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवून गोठवलेली. भारतातून येताना ओआरएसच्या पुड्या आणा, त्या इथल्या गोड पेयांपेक्षा मला जास्त मानवतात. टोपी, पातळ पंचा, बदलायला एक बंडी. छत्री न्या पण रांगेत उघडू नका, शेजाऱ्याच्या डोळ्यात काडी जाते. न्याहारी करूनच निघा. बरोबर दशम्या न्याव्यात, दुधात भिजवलेल्या दशमीला दिवसभर काही होत नाही आणि उभ्याने खाता येते. लसणाची चटणी मात्र घरी. लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात. चक्कर आली, मळमळलं तर "होईल बरं" म्हणत उभे राहू नका. आत प्रथमोपचाराची खोली आहे, कुणाही पट्टीवाल्याला 'क्यूगोशित्सु' एवढा शब्द सांगितलात तरी पुरे. लवकर सांगणाऱ्याचं त्यांना ओझं होत नाही, कोसळणाऱ्याचं होतं.

नकाशा घरीच रंगवा. प्रत्येक गटाला, म्हणजे सर्कलला, दिवस, दालन, अक्षर आणि आकडा मिळून एक पत्ता असतो. तो वहीत लिहून ठेवा. फोनवर विसंबू नका, एवढ्या गर्दीत नेटवर्क हमखास रुसतं. भिंतीलगत बसवलेली सर्कल म्हणजे मोठी नावं, लांब रांगा. मधल्या टेबलांना बेटं म्हणतात, तिथे नवखे लोक असतात, आणि खरी गंमत तिथेच. आधी भिंत की आधी बेट, यावर आमच्या घरात दर वर्षी वाद होतो. नवरा भिंतवाला. मी म्हणते, भिंतीवरची पुस्तकं पुढे दुकानांतही मिळू शकतात, बेटावरचा माणूस पन्नास प्रती घेऊन येतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. पुस्तक चाळायचं असेल तर आधी 'मितेमो ईई देसु का' असं विचारा. घ्यायचं तर 'इस्सात्सु ओनेगाइ शिमासु'. न घेता ठेवलंत तरी मान तुकवा, ते चालतं. चालत नाही ते टेबलावर पिशवी टेकवणं.

लांब रांगेच्या शेवटी उभं राहिलात की पुढचा माणूस तुमच्या हातात एक पाटी देईल. गोंधळू नका. तिच्यावर 'साइकोबी' लिहिलेलं असतं, म्हणजे रांगेचं शेपूट. ती उंच धरायची आणि मागे कोणी आलं की त्याच्या हातात द्यायची. एवढ्या मोठ्या कारभारातली अर्धी रांगव्यवस्था अनोळखी माणसं अशी हातोहात चालवतात. पहिल्यांदा पाटी हातात आली तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता!

पळायचं नाही. दार उघडलं की पाय आपोआप वेग घेतात, आणि मेगाफोनवरून ओरडा सुरू होतो. सरकत्या जिन्यावर चालायचंही नाही. २००८ च्या ऑगस्टात याच बिग साइटमध्ये पात्रांच्या छोट्या मूर्तींच्या एका वेगळ्या मेळ्यात माणसांनी भरलेला सरकता जिना अचानक उलटा घसरला आणि लोक जखमी झाले. त्यामुळे जिन्याशी उभा स्वयंसेवक "थांबून चढा" म्हणतो तेव्हा तो उगाच हटकत नसतो. चाकांची बॅगही नको. मागच्याचा घोटा फुटतो आणि लॉकर सकाळीच भरलेले असतात. खांद्याची जाड कापडी पिशवी बरी, आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घाला म्हणजे पुस्तकांचे कोपरे दुमडत नाहीत.

पासपोर्ट जवळ ठेवा. परदेशी पाहुण्याने तो बाळगायचा हा इथला कायदाच आहे, शिवाय प्रौढांसाठीची पुस्तकं बरीच असतात आणि वयाचा पुरावा मागतात. मुलांना घेऊन येणाऱ्या आईबाबांनी हे आधीच माहीत करून घ्यावं. असली खरेदी भारतात नेणार असाल तर आपलं कस्टम्स अश्लील साहित्याला परवानगी देत नाही हेही.

कॉसप्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष, करणार असाल तर घरून पोशाख घालून यायचं नाही, घालून परत जायचंही नाही. आत नोंदणी करून, ठरलेल्या खोलीत बदलायचं. फोटो ठरलेल्या जागीच आणि विचारून. एका वर्षी माझी मैत्रीण हौसेने नऊवारी नेसून आली, नथीसकट. दारातल्या मुलीने तिला पाहिलं, हातातली नियमांची फाइल पाहिली, पुन्हा तिला पाहिलं. मग अतिशय अदबीने विचारलं, हा कुठल्या पात्राचा वेष की तुमचा नेहमीचा पोशाख? "आमच्या आजीचा नेहमीचा," मैत्रीण म्हणाली. मुलीने आणखी एकाला बोलावलं, दोघांनी कुजबुज केली, आणि कपडेच आहेत म्हणून सोडलं. मात्र पदर जिन्यात अडकणार नाही ना, हे दोघांनी खात्रीने विचारलं. पुढच्या वेळी तिने जीन्स घातली.

हिवाळ्याचं वेगळं फार नाही. डिसेंबरच्या शेवटी समुद्रावरचा वारा हाडात शिरतो. खिशात ठेवायच्या गरम पुड्या, 'काइरो', घ्या आणि मोज्यांचे दोन जोड घाला.

चुकामूक होणार हे गृहीत धरा. "प्रवेशद्वाराशी भेटू" म्हणू नका, तिथे सगळ्या जपानने तेच ठरवलेलं असतं. ठरावीक खांब, ठरावीक वेळ, पंधरा मिनिटं थांबून कोणी आलं नाही तर थेट घरी, असं बोलून ठेवा. कचऱ्यासाठी एक पिशवी. स्वच्छतागृहाची रांग, बायकांची विशेषतः, गरज वाटायच्या अर्धा तास आधी धरा. पुस्तकं जड झालीच तर तिथूनच कुरियरने घरी पाठवता येतात, पत्ता जपानी लिपीत लिहून न्या.

आणि शक्य असेल तर शेवटपर्यंत थांबा. दुपारी चारच्या सुमारास बाजार संपल्याची घोषणा होते आणि सगळं दालन टाळ्या वाजवतं. हातात पिशव्या असल्या की नीट वाजत नाहीत, तेव्हा त्या आधी खाली ठेवा. नंतर टेबलं घडी व्हायला लागतात, खुर्च्या रचल्या जातात. जवळ उभे असाल तर एखादी खुर्ची उचला. कुठे ठेवायची ते पट्टीवाला बोटाने दाखवतो, बोलायला त्याचा आवाज उरलेला नसतो.