खानदेशातील गावाचा इतिहास लिहिताना

इंग्लंडमध्ये 1538 साली प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला, त्यामुळे तेथील एखाद्या लहानशा खेड्याचा इतिहासही एका नोंदवहीपासून सुरू करता येतो. खानदेशात अशी एकच वही नसल्याने तो वेगवेगळ्या दप्तरांतून जुळवावा लागतो. गावाच्या नावामागील दंतकथेने आरंभ करू नये, कारण ती एकदा लिहिली की पुढचा पुरावा तिच्याच मापाने बेतला जातो.

पहिला अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकासाठी, म्हणजे गाव नमुना 14 च्या जन्म-मृत्यू नोंदींसाठी करावा. बहुतेक लोक जातीच्या दाखल्यापुरती पणजोबांची नोंद शोधून परततात. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र वर्षवार मृत्यू मोजावेत, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाने गावातील किती आणि कोणत्या वयाची माणसे नेली हे कळण्याची शक्यता असते. जुनी पाने मोडी लिपीत असल्यास जाणकार वाचक गाठावा. अंदाजाने वाचलेले आडनाव पुढे कायमचे चिकटते.

कागद मागताना जुना जिल्हा सांगावा. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन 1906 साली झाले, तर नंदुरबार जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. आज तळोद्याचे रहिवासी नंदुरबारचे असले, तरी त्यांच्या आजोबांचे कागद पश्चिम खानदेशाचेच असणार.

जमिनीसाठी सातबारापेक्षा फेरफार नोंदी अधिक बोलक्या असतात, कारण शेत कोणाकडून कोणाकडे आणि वारसाने, खरेदीने की गहाणाने गेले हे त्यांत येते. गाव पांझरा नदीच्या काठचे असेल तर फड बागायतीला, म्हणजे शेतांच्या गटांना (फडांना) सामायिक पाणी देण्याच्या पद्धतीला, स्वतंत्र प्रकरणच द्यावे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत येई, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असे आणि पाणी वाटण्याचे काम पाटकरी करी; त्यामुळे कोणाचा शब्द गावात चालत होता हे देवळाच्या मानापेक्षा पाण्याच्या पाळीवरून अधिक स्पष्ट होते, असे माझे मत आहे.

वृद्धांच्या आठवणी त्यांच्या अहिराणीतच उतरवाव्यात, प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नयेत. त्या सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. वडिलांकडून ऐकलेला छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत 1956, अर्थात 1899-1900. इसवी सन काढण्यासाठी कागदावर शक असल्यास साधारणतः 78 आणि फसली (महसुली सन) असल्यास 590 मिळवावेत. मूळ आकडाही शेजारी ठेवावा, म्हणजे दुसऱ्याला तो तपासता येईल.