ओपन गोल्फवर पैज लावताना कुठले आकडे धरायचे आणि कुठले सोडायचे

आधी कायद्याचं बोलून घेते. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे. त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत बसून परदेशी ॲपवर पैज लावायची वाट शोधू नका. हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि परवानाधारक बुकीकडे स्वतःच्या नावावर खातं असलेल्या मराठी माणसांसाठी आहे. बाकीच्यांनी पैसे न लावता अंदाज बांधून पाहावा. आकडे वाचायची रीत दोघांनाही सारखीच आहे.

उदाहरण म्हणून जुलैमधली 'द ओपन', म्हणजे ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा, घेते. ब्रिटनमध्ये वर्षभर गोल्फकडे ढुंकून न पाहणारे लोकही ओपनच्या आठवड्यात पैज लावतात, आणि त्या आठवड्यात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतो. 'अमुक फॉर्मात आहे', 'तमुक गेल्या आठवड्यात तिसरा आला', 'हा पटिंगमध्ये सध्या पहिला आहे'. पटिंग म्हणजे ग्रीनवरून, होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरून, चेंडू होलमध्ये ढकलणं. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात महाग पडतो, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

पैशांची मर्यादा

हरले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढी रक्कम स्पर्धेआधी वेगळी काढा. ती संपली की थांबा. हात थांबत नसेल तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा. मग ब्रिटनमधले परवानाधारक ऑनलाइन बुकी तुमच्याकडून पैज घेत नाहीत.

आकडे जमवणं

तुम्हाला लागणारा आकडा एकच: स्ट्रोक्स गेन्ड. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ही पद्धत बसवली आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने 2011 मध्ये पटिंगपासून ती वापरायला सुरुवात केली. कल्पना सोपी आहे. आठ फुटांवरून टूरवरच्या खेळाडूला चेंडू होलमध्ये घालायला सरासरी दीड फटका लागतो. एका फटक्यात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असा हिशेब प्रत्येक फटक्याचा होतो आणि त्याचे चार भाग पडतात: टीवरचा फटका (होलचा पहिला लांब फटका), अप्रोच (ग्रीनच्या दिशेने मारलेला फटका), ग्रीनभोवतालचा खेळ आणि पटिंग.

फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेला पट्टा) किती सापडले, एका फेरीत पट (पटिंगचे फटके) किती लागले, ड्राइव्ह सरासरी किती यार्ड गेला, हे जुने आकडे बाजूला ठेवा. ज्याचा अप्रोच ग्रीन चुकवून अगदी कडेला पडतो त्याचे पट कमी लागतात. तेवढ्याने तो चांगला पटर ठरत नाही.

पीजीए टूरच्या संकेतस्थळावर हे आकडे फुकट मिळतात. मात्र तिथे प्रतिस्पर्धी किती तगडे होते याचा हिशेब नसतो, आणि लिव्ह या प्रतिस्पर्धी स्पर्धामालिकेचे खेळाडू त्या यादीत सापडतच नाहीत. म्हणून त्यांना वगळायचं असं अजिबात करू नका. ब्रायसन डिशॅम्बोने 2024 ची यूएस ओपन लिव्हमध्ये असतानाच जिंकली. मी डेटागोल्फ या संकेतस्थळावरचे आकडे घेते, कारण तिथे वेगवेगळ्या टूरवरच्या फेऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीनुसार एका मापात आणलेल्या असतात.

अवघड टप्पा: खरं कौशल्य किती आणि नशीब किती

मीही इथेच सगळ्यात जास्त काळ अडखळले. आकडे समोर असतात, खेळाडू उतरत्या क्रमाने लावलेले असतात आणि यादीतला पहिला उचलावा असं वाटतं. पण ती यादी जे घडून गेलं ते सांगते. तुम्हाला पुढे काय घडेल ते हवं आहे. या दोन्हींच्या मध्ये कात्री चालवावी लागते, आणि ती कुठे किती चालवायची हेच कौशल्य आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फेऱ्यांची संख्या. व्यावसायिक गोल्फपटूचा स्कोअर एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत प्रचंड हलतो. प्रमाण विचलन (स्कोअर सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप) फेरीमागे सुमारे पावणेतीन फटके धरा. चार फेऱ्यांच्या, म्हणजे एका स्पर्धेच्या सरासरीत मग जवळपास 1.4 फटक्यांची चूक सहज असू शकते. सोळा फेऱ्यांच्या सरासरीत 0.7 ची आणि शंभर फेऱ्यांच्या सरासरीत पाव फटक्याच्या थोडी वर. आता हे लक्षात घ्या की फेरीमागे एक फटका कमावणारा आणि पावणेदोन कमावणारा यांच्यात फरकच मुळी पाऊण फटक्याचा असतो. म्हणजे गेल्या महिन्याभराचा 'फॉर्म' पाहून या दोघांत निवड करणं म्हणजे धुक्यात अंतर मोजणं आहे. मी पाया म्हणून नेहमी दोन वर्षांच्या फेऱ्या घेते आणि अलीकडच्या तीन महिन्यांना त्यात थोडंसंच जास्त वजन देते. स्कॉटिश ओपन ही वेगळी स्पर्धा 'द ओपन'च्या आदल्या आठवड्यात होते. तिथल्या निकालाला वेगळं वजन मी देत नाही. त्या चारच फेऱ्या असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चारही भागांतलं नशीब सारखं नसतं. टीवरचा फटका सगळ्यात स्थिर. जो लांब आणि सरळ मारतो तो पुढच्या महिन्यातही तसाच मारतो. त्याखालोखाल अप्रोच. ग्रीनभोवतालचा खेळ जरा डळमळीत, आणि पटिंग सगळ्यात चंचल. का, ते एका उदाहरणात दिसेल. वीस फुटांवरून टूरवरचे खेळाडूही सातातला एखादाच पट घालतात. तो गेला की सुमारे 0.87 फटका कमावल्याची नोंद होते. एका फेरीत असे दोन गेले की त्या दिवसाचा पटिंगचा आकडा पावणेदोनने फुगतो, आणि खेळाडूच्या हातात काडीचाही बदल झालेला नसतो.

ब्रॉडी यांच्या विश्लेषणात अव्वल खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या आघाडीतला सुमारे 40 टक्के वाटा अप्रोचचा निघाला, 28 टक्के टीवरच्या फटक्यांचा, 17 टक्के ग्रीनभोवतालच्या खेळाचा आणि फक्त 15 टक्के पटिंगचा. म्हणजे जो आकडा सगळ्यात जास्त हलतो, तोच दीर्घ काळात सगळ्यात कमी फरक पाडतो. तरीही बुधवारच्या, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या, रात्री लोक त्याच्याकडेच पाहतात, कारण टीव्हीवर तोच दिसतो.

म्हणून मी अलीकडच्या आकड्यांना अशी कात्री लावते: टीवरचा फटका आणि अप्रोच पूर्ण, ग्रीनभोवतालचा खेळ निम्मा, पटिंग एक तृतीयांश. समजा अ आणि ब असे दोन खेळाडू आहेत. अ चे चार आकडे याच क्रमाने +0.4, +0.5, +0.1, +1.4, बेरीज +2.4. ब चे +0.7, +1.0, +0.2, -0.3, बेरीज +1.6. यादीत अ खूप वर दिसतो, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो आणि बुकी त्याचा भाव, म्हणजे तो जिंकल्यास पैजेवर मिळणारा मोबदला, उतरवतो. कात्री लावल्यावर अ उरतो +1.42 आणि ब होतो +1.7. माझे पैसे ब वर जातील, आणि त्याचा भावही बहुतेक वेळा जास्त मिळतो.

याचा सगळ्यात ठळक दाखला स्कॉटी शेफलर. 2023 मध्ये टीपासून ग्रीनपर्यंतच्या खेळात तो टूरवर पहिला होता आणि पटिंगमध्ये 162 वा. पटिंगची यादी पाहणाऱ्यांनी त्याच्यावर फुली मारली असेल. पुढच्या वर्षी त्याने मास्टर्स आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि 2025 मध्ये पीजीए चॅम्पियनशिप व पोर्ट्रशची ओपन.

यावर ब्रायन हार्मनचं नाव हमखास पुढे येतं. 2023 ला इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या मैदानावरच्या ओपनमध्ये त्याने दहा फुटांच्या आतले 59 पैकी 58 पट घातले आणि सहा फटक्यांनी जिंकला. बरोबर आहे, पटिंगने स्पर्धा जिंकता येते. पण असा आठवडा येणार हे बुधवारी कुठल्याही आकड्यात दिसत नाही, आणि पैज बुधवारी लावायची असते. शिवाय पटिंगचे बहुतेक आकडे अमेरिकेतल्या वेगवान ग्रीनवरचे असतात. ओपनमधल्या ग्रीन वाऱ्यामुळे मुद्दाम संथ ठेवल्या जातात, तेव्हा इथे ते आणखीच कमी धरा.

मैदानाचा 'स्वभाव'

याचं महत्त्व फार वाढवून सांगितलं जातं. ओपन दरवर्षी मैदान बदलते, त्यामुळे 'त्याला हे मैदान मानवतं' या म्हणण्यामागे बहुधा एखाद-दुसरी जुनी स्पर्धा असते. हॉयलेकच पाहा. 2006 मध्ये टायगर वूड्सने चार दिवसांत एकदाच ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) काढून, लोखंडी क्लबांवर तिथे जिंकलं. 2014 मध्ये लांबच लांब मारणारा रॉरी मॅकिलरॉय जिंकला, आणि 2023 मध्ये लांबीत मागे असलेला डावखुरा हार्मन. या तिघांतून 'हॉयलेकला चालणारा खेळाडू' कसा काढणार? लिंक्सवर, म्हणजे ओपन होते तशा समुद्रकाठच्या मैदानांवर, भरपूर खेळलेल्याला मी फेरीमागे फार तर 0.1 वाढवून देते.

शक्यता काढणं

प्रत्येक खेळाडूचा कात्री लावलेला आकडा चारने गुणा. एक्सेलमध्ये नॉर्म-इन्व्ह आणि रँड ही दोन फंक्शन्स जोडून त्याभोवती 5.5 प्रमाण विचलनाचा यादृच्छिक स्कोअर काढा. हे सर्व 156 जणांसाठी काही हजार वेळा चालवा आणि कोण किती वेळा पहिला आला ते मोजा. फेरीमागे अर्ध्या फटक्याची आघाडी चार दिवसांत दोन फटके होते आणि नशिबाचं माप साडेपाच आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'नक्की जिंकणार' हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

भावाशी तुलना

40/1 म्हणजे 41 पैकी एक, 2.44 टक्के. तुमची शक्यता याच्या किमान सव्वापट, म्हणजे 3.05 टक्क्यांच्या वर असेल तरच घ्या, कारण तुमच्या अंदाजातही चूक असतेच. सगळ्या खेळाडूंच्या भावांतून निघणारी टक्केवारी एकदा बेरीज करून पाहा. 100 च्या वर जेवढी जाईल तेवढी बुकीची कमाई, आणि गोल्फमध्ये ती फुटबॉलच्या सामन्यापेक्षा खूप जास्त असते. लांबच्या भावांत तिचा भार सगळ्यात जास्त. नाव ओळखीचं आहे म्हणून 200/1 ला जुना विजेता घेऊ नका.

चार-पाच बुकींचे भाव ताडून पाहा. एकाकडे 33 आणि दुसऱ्याकडे 45 असणं नेहमीचं आहे.

ईच-वे

ईच-वे म्हणजे दोन पैजा, एक विजयाची आणि एक वरच्या जागांची. 5 पाउंड ईच-वे लावले की खात्यातून 10 जातात. ओपनच्या वेळी अनेक बुकी पाचाऐवजी आठ किंवा दहा जागा देतात, बहुधा भावाच्या एक पंचमांशाने. मी तीच घेते, पण डेड हीटचा, म्हणजे बरोबरीत जागा वाटून घेण्याचा, नियम डोक्यात ठेवून. 40/1 ला आठ जागांची पैज आहे आणि तुमचा खेळाडू इतर तिघांबरोबर सातव्या स्थानावर बरोबरीत आला, तर दोन जागा चौघांत वाटल्या जातात. जागांवरचे तुमचे 5 पाउंड अडीच धरले जातात आणि 8/1 ने परत मिळतात 22.50, 45 नव्हे. गोल्फमध्ये बरोबरी सतत होते, म्हणून हा हिशेब आधीच करा.

पैज कधी लावायची

टी-टाइम, म्हणजे कोण कधी खेळायला सुरुवात करणार त्या वेळा, जाहीर झाल्यावर, त्याआधी नाही. ओपनमध्ये पहिल्या दोन दिवशी सगळे पहिल्याच टीवरून निघतात. त्यामुळे पहिला गट सकाळी साडेसहाच्या सुमारास आणि शेवटचा दुपारी चारनंतर सुटतो. गुरुवारी सकाळी खेळणारा शुक्रवारी दुपारी खेळतो. शुक्रवारी दुपारी वारा चढणार असा अंदाज असेल तर अर्धे खेळाडू खेळायच्या आधीच दोन-तीन फटके मागे पडू शकतात. किनाऱ्याजवळचा तासातासाचा वाऱ्याचा अंदाज मंगळवारी आणि बुधवारी पाहा. फरक ठळक असेल तर नावडत्या अर्ध्यातल्या प्रत्येकाचा आकडा कमी करून हिशेब पुन्हा चालवा. भाव थोडा उतरला तरी चालेल, ही माहिती त्याहून मोलाची आहे. अंदाज धूसर असेल तर काहीच बदलू नका.

नोंद

प्रत्येक पैजेसमोर तीन गोष्टी लिहा: तुम्हाला मिळालेला भाव, तुम्ही काढलेली शक्यता आणि गुरुवारी पहिला चेंडू सुटण्यापूर्वीचा शेवटचा भाव. निकालावरून स्वतःला जोखू नका. ज्याची खरी शक्यता 3 टक्के आहे अशा खेळाडूंवर पन्नास पैजा लावल्या तरी पाचातून एकदा पन्नासही हरतात. तुम्ही 40 ला घेतलेला खेळाडू गुरुवारी सकाळी वारंवार 30 वर आलेला दिसत असेल, तर कात्री बरोबर चालते आहे. तो वारंवार 50 वर गेलेला दिसला, तर पुढच्या मेजरला (ओपनसारख्या वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीला) पैसे बाजूला ठेवा आणि पटिंगच्या रकान्यापासून तपासायला सुरुवात करा.